कोळशाच्या कपाटाशेजारचं चित्र

पोर्थवेन्ना बंदर, कॉर्नवॉल
११ मार्च १९०९

केझायाताई,

खोकला अजून आहे. आधी उजव्या बाजूला होता, आता डावीकडे आला आहे. डॉक्टर म्हणतो, खोकल्याला बाजू नसते. त्याला काय कळतंय, खोकतो मी. शिवाय छतातून वारा येतो, आणि हे पत्र तुझ्यापर्यंत पोचेल की नाही याचीही धास्ती आहे, कारण आपला नवा टपालवाला चालता चालता गाणी म्हणतो.

चित्रं दाखवायचा दिवस सोमवारी झाला. दरवर्षीचाच तमाशा. लंडनला चित्रं रवाना व्हायच्या आधी बंदरावरचा प्रत्येक चित्रकार आपल्या माळ्याचं दार उघडतो आणि अख्खं गाव रविवारचे कपडे घालून एका माळ्यावरून दुसऱ्यावर फिरतं. चित्रं बघायला कोण येतं? कोणाच्या शेगडीवर काय शिजतंय आणि कोणाची गादी कुठे उसवली आहे ते बघायला येतात. शेजारच्या मिस बॅसेटकडे तर जिन्यापासून रांग होती. ती टोप्या घातलेल्या मांजरी रंगवते. वर केशराचे गोड पावही वाटते. मांजरी बघवत नाहीत म्हणूनच पाव ठेवत असावी.

माझ्याकडे बेकरीवाली ऑनर टॉय आली. माझ्या मोठ्या तैलचित्रासमोर उभी राहून म्हणाली, "काय रे होझिया, हे गेल्या वर्षीचंच का?"

"नाही. गेल्या वर्षी भरती होती. हे ओहोटीचं आहे."

"असं होय. मग पाणी कुठं गेलं ते तरी दाखवायचं."

ती गेल्यावर एक लंडनचा माणूस आला. स्टॅनियन त्याचं नाव. पातळ बूट, पातळ मिशा. चित्रांवर वर्तमानपत्रांत लिहितो आणि चित्रांची प्रदर्शनंही भरवतो, म्हणजे स्वतःच स्वयंपाक करायचा आणि स्वतःच ढेकर द्यायची. माझ्या तैलचित्रांसमोरून तो असा गेला जसा आपला पाद्री दारूच्या गुत्त्यासमोरून जातो. एवढी वर्षं खपून केलेली चित्रं, ताई. त्यानं मानसुद्धा वळवली नाही.

मग म्हणाला, "मिस्टर नॅनकॅरो, तेल हा तुमचा स्वभाव नाही. मी आलोय त्या जलरंगांसाठी. टेकडीवरच्या बंगल्यातली पाच चित्रं काल पाहिली. बंदरातल्या नावा. ती करडी शिडं! असा शोक अख्ख्या इंग्लंडमध्ये कुणी रंगवलेला नाही."

मी म्हणालो, "कसली करडी शिडं?"

तो हसला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "विनय."

त्याला येत्या ऑक्टोबरात लंडनला प्रदर्शन भरवायचं आहे. एकट्या माझं. अख्खी खोली माझी. त्याचं पुस्तकही निघणार.

मंगळवारी मी खोकत खोकत टेकडी चढलो आणि बंगल्यातल्या बाईंना म्हणालो, मला माझी चित्रं बघू द्या. ती दिवाणखान्यात आहेत, दक्षिणेच्या मोठ्या खिडकीसमोर, सोनेरी चौकटींत, अगदी मानाच्या जागी. आणि ताई, मला ती ओळखू आली नाहीत. शिडांतला लाल गेलाय. पार गेलाय. पाणी आहे, धक्का आहे, डोलकाठ्या आहेत, आणि शिडं धुतलेल्या फडक्यासारखी.

तो किरमिजी रंग होता. किड्यांपासून करतात तो. लावल्या दिवशी असा पेटतो की वाटतं कागद भाजेल. उन्हात टिकत नाही हे त्या काळी सगळ्यांनाच ठाऊक होतं आणि सगळेच तो वापरत होते, कारण दुसरा कुठलाच लाल तसा दिसत नव्हता. चित्र विकलं की ऊन गिऱ्हाइकाचं.

मी बाईंना काही बोललो नाही. स्टॅनियनलाही नाही. त्यानं विचारलं, त्या मालिकेतलं आणखी एखादं आहे का? माझ्या तोंडून निघून गेलं की सहावं माझ्या बहिणीकडे बॉडमिनला आहे.

ते अजून तू कोळशाच्या कपाटाशेजारीच टांगलं आहेस ना, त्या बोळकंड्यात? भावानं दिलेलं चित्र लोक बैठकीत लावतात. तुझ्या बैठकीत विम्याच्या कंपनीचं कॅलेंडर आहे. हे मी आजवर बोललो नव्हतो.

तुझा
होझिया


बॉडमिन
१५ मार्च

होझिया,

हे तू आजवर बोलला नव्हतास? दर नाताळला बोलतोस.

तुझं पत्र आलं. टपालवाले गातात तरी पत्रं येतात. छातीला हंसाची चरबी लाव आणि वाऱ्याला दोष देणं बंद कर.

आता त्या पातळ बुटांबद्दल. कसला शोक रे? ती चित्रं तू मे महिन्यात काढलीस. नावा बुडवणारं ते वादळ नोव्हेंबरात आलं. मे महिन्यात बंदरावर शोक बिक काही नव्हता. शिडांना कात चढवायचे दिवस होते. मोठ्या हंड्यात कात आणि ओकची साल उकळत होती, वास असा की जेवण घशाखाली उतरेना, आणि माझा पॅस्को गुडघ्यापर्यंत त्या लाल चिखलात उभा राहून बायकांना हाका मारत होता की या गं, पाय रंगवून घ्या. घरी आला तेव्हा त्याच्या पायांचे ठसे माझ्या फरशीवर उमटले. मी ओरडले तर म्हणतो, "तुझा भाऊ कागदावर डाग पाडतो तर कलाकार, मी फरशीवर पाडले तर गाढव?"

दुसऱ्या दिवशी नवी लाल शिडं चढवून नावा बाहेर पडल्या. सगळ्यांत पुढे आमची 'केझाया'. हे चित्र त्या सकाळचं आहे. तुला आठवत नसेल तर मला विचार.

आणि ऐक, माझं चित्र करडं झालेलं नाही. तुझं पत्र वाचून मी दिवा घेऊन बोळकंड्यात गेले. खाटकाच्या दुकानासारखं लाल आहे. आधी होतं तसंच आहे. बोळकंड्याला खिडकी नाही, ऊन येणार कुठून? बैठकीत लावलं नाही कारण पॅस्को त्या वादळात गेल्यावर त्या लालकडे मला चहा पिता पिता बघवत नव्हतं. कोळसा काढायला जाताना एकदा दिसतं, तेवढं पुरे होतं. तुला तो अपमान वाटला. वाटू दे. तुला पावसाचाही अपमान वाटतो.

त्या माणसाला सरळ सांग की रंग उडालाय. एका वाक्याचं काम आहे. आणि तू गप्प कसा बसलास? आयुष्यात कधी बसला नाहीस.

केझाया


पोर्थवेन्ना
३ एप्रिल

ताई,

चरबी लावली. आता खोकला आहेच, वर मांजरं मागे लागतात. मिस बॅसेटच्या.

सांगणारच होतो. स्टॅनियनला पत्र लिहायला बसलोही. पण माझं अक्षर तुला लागतं, लंडनवाल्याला कसं लागणार? दहाव्या वर्षी मला शाळेतून काढून शिडं शिवायला बसवलं, ते अक्षर तिथंच राहिलं. दोन दिवस गेले आणि तेवढ्यात त्याचा लेख छापून आला.

छपाई बारीक, म्हणून पाद्र्याच्या बायकोनं मला तो वाचून दाखवला. मी 'करड्या रंगाचा साधू' आहे. मी म्हणे लाल रंगाचा त्याग केला आहे. ज्या माणसानं किरमिजीच्या नळीसाठी त्या महिन्यात मांस खाल्लं नाही, त्यानं लाल रंगाचा त्याग केला! 'बुडालेल्या नावांची शिडं त्यानं राखेत बुडवून रंगवली.' बंगल्याच्या कारभारणीनं त्याला वादळाची हकीकत सांगितली असणार, आणि यानं त्यावर एवढा मोठा तंबू उभारला. पाद्र्याची बायको रडली. मी खोकलो. तिला वाटलं मीही रडतोय.

तेव्हापासून गाव बदललंय. ऑनर टॉय पाव घरी आणून देते. काल म्हणाली, "मी तर पहिल्यापासून सांगत होते, होझियात काहीतरी आहे."

मी म्हटलं, "तू विचारत होतीस पाणी कुठं गेलं."

"तेच ते. मला तेव्हाच कळलं होतं, हा माणूस पाणी मुद्दाम लपवतो."

मिस बॅसेटनं मांजरींना करड्या टोप्या घालायला सुरुवात केली आहे. कर्नलसाहेब रस्त्यात टोपी उचलतात. आजवर ते मला मासेवाला समजत होते. दोनदा माझ्याकडे बांगडे मागितले होते.

ताई, मी बहात्तर वर्षांचा झालो. या बंदरावर आजवर मला 'शिडवाल्याचा होझिया, तो चित्रं काढतो' असं म्हणत आले. आता लंडनमध्ये एका भिंतीवर माझं नाव लागणार आहे.

दुसरं म्हणजे, स्टॅनियन तुझं चित्र प्रदर्शनात मागतो. पाच झाली, सहावं हवंच म्हणतो. मला वाटतं, बोळकंड्यात दमट असेल. कागदावर बुरशीचे ठिपके पडतात. कोळशाची धूळही बरी नाही. तुझी बैठकीची खिडकी दक्षिणेला आहे. तिथं उन्हात ते सप्टेंबरपर्यंत टांगलंस तर हवा लागेल. कागदासाठी म्हणतोय.

होझिया


बॉडमिन
८ एप्रिल

होझिया,

बुरशी? एवढ्या वर्षांत आज तुला बुरशी आठवली?

मी म्हातारी झाले आहे, खुळी नाही. तुला ते उन्हात घालून उडवायचं आहे. पाचही करडी आणि एक लाल, असं भिंतीवर शेजारी शेजारी लागलं की तुझ्या साधूचा झगा सुटेल. म्हणून माझं चित्र विस्तवावर ठेवायचं.

त्या चित्रात सुकाणूपाशी एक पिवळा ठिपका आहे. तुला वाटत असेल रंग सांडला. ती पॅस्कोची तेलकापडाची टोपी आहे. त्याचा फोटो कधी काढला नाही, आणि समुद्रानं त्याला परत दिलं नाही. माझ्याकडे तो ठिपका आहे आणि त्याच्यावर ते लाल शीड आहे. ठिपकाही उडेल का रे? की साधूला पिवळा चालतो?

नाही लावणार.

केझाया


पोर्थवेन्ना
२२ एप्रिल

ताई,

पिवळा उडत नाही. तो मातीचा आहे. मी तुझ्या नवऱ्याला माती वापरली आणि शिडाला महागाचा रंग वापरला, कारण तेव्हा तो समोर जिवंत होता आणि टोपी काय, दुसऱ्या दिवशीही दिसणार होती.

तू मला बोललीस, आता मी बोलतो. तुझ्या पॅस्कोनं माझ्या चित्रांना काय म्हटलं होतं? "भिंतीचा कागद." त्याच्या लग्नात दिलेल्या चित्रावर त्यानं मासे साफ केले. तरीही मी त्याला सुकाणूपाशी बसवला. आणि तू ते चित्र माझ्या नाकासमोर, मी आलो की कोट काढायच्या खुंटीशेजारी, कोळशाच्या काळोखात टांगलंस. मी तुझ्याकडे जेवायला आलो की आधी माझंच चित्र अंधारात बघायचो आणि मग तुझी मांस भरलेली पॅस्टी खायचो. गिळवत नव्हती. आता ते एकदम देव्हाऱ्यातलं झालं?

ज्यांनी मान दिला त्यांनी उडवलं आणि जिनं अंधारात ठेवलं तिच्याकडे टिकलं, हे मला कळत नाही असं समजू नकोस. कळतं, आणि त्यानंच जास्त संताप येतो.

मला दुसरी संधी नाही. माझ्या माळ्यावर तैलचित्रं भिंतीकडे तोंड करून उभी आहेत. ती मी मेल्यावर ऑनर टॉय कोंबड्यांच्या खुराड्याला लावील. एवढंच एक प्रदर्शन आहे. तुझं चित्र लाल निघालं तर स्टॅनियन हात झटकेल, लेख मागे घेईल, आणि कर्नलसाहेब पुन्हा माझ्याकडे बांगडे मागतील.

एका उन्हाळ्याचं काम आहे, ताई. तुला तर ते बघवतही नव्हतं म्हणतेस.

होझिया


बॉडमिन
१ जून

होझिया,

टांगलं खिडकीत. दक्षिणेच्या. ऊन सकाळपासून संध्याकाळपर्यंत येतं.

समाधान झालं असेल.

केझाया


पोर्थवेन्ना
१२ जून

ताई,

तुझं पत्र आलं तेव्हापासून जेवण बरोबर जात नाही. डॉक्टर म्हणतो पोट आहे. पोट नाही.

आता ऐक. परवा स्टॅनियन परत आला होता. मला घेऊन बंगल्यावर गेला. बरोबर दोन बायका आणि एक जाड माणूस, तो पुस्तकं छापतो. तिसऱ्या चित्रापुढे उभा राहून स्टॅनियन त्यांना सांगायला लागला, मी तिथंच उभा असताना, जणू मी छत्री आहे.

"ही पुढची नाव बघा. हिच्यावरचे सगळे बुडाले. कलावंतानं तिचं शीड सर्वांत फिकट ठेवलं आहे. जणू ते आधीच या जगातलं नाही."

एक बाई म्हणाली, "आणि नावेत कुणी दिसतंय का?"

"कुणी नाही. तो पिवळा ठिपका नुसता सांडलेला रंग. रिकामी आहे. हेच तर थोर आहे."

मी पुढे झालो. म्हणालो, "रिकामी नाही. तो पॅस्को आहे. माझ्या बहिणीचा नवरा. मोठ्यानं गातोय. बेसूर."

त्यांना वाटलं मी विनोद केला. जाड माणूस हसला. स्टॅनियन हळूच म्हणाला, "स्मृती रंग भरते, मिस्टर नॅनकॅरो." मला त्याच्या पातळ बुटावर पाय द्यावासा वाटला. खोकला आला म्हणून वाचला.

परत येताना धक्क्याशी थांबलो. जुन्या हंड्याखाली जाळ होता, दोन-चार पोरगेलेसे कोळी शीड बुडवत होते. आता निम्म्या नावांना वाफेचं यंत्र आहे, तरी थोडी शिडं उरली आहेत. बाहेर काढलं तेव्हा ते लाल ठिबकत होतं. मी तिथं उभा राहून हिशेब केला की ती सकाळ पाहिलेलं आता कोण उरलंय. मी आणि तू. आपण दोघं गेलो की ती शिडं करडीच होती असं होईल. पुस्तकात तसंच असेल. पॅस्को नावेत नव्हता असंच होईल.

काढ ते. आजच काढ. पत्र दुपारी आलं तर दुपारी काढ, चहा नंतर पी. थोडं उडालं असलं तरी चालेल, पण काढ आणि मला लिही किती उडालंय ते. खोटं लिहू नकोस. किरमिजी आधी कडांना गुलाबी होतो, कडा बघ. स्टॅनियनला काय सांगायचं ते मी सांगतो. भिंतीवर नाव नाही लागलं तर नाही लागलं. तसंही त्यांनी 'नॅनकॅरो'तला एक र जास्त छापला आहे.

लवकर लिही. टपालवाल्याला मी सांगून ठेवलंय की या आठवड्यात गाऊ नको.

होझिया


बॉडमिन
१५ जून

होझिया,

चहा पिऊनच लिहिते आहे. तुझ्यासाठी मी आजवर चहा थंड केलेला नाही.

तू लिहिलं होतंस खिडकीत टांग, उन्हात टांग, तर मी टांगलं. कपडा काढून टांग असं लिहिलं नव्हतंस. पॅस्कोचा घरी विणलेला निळा स्वेटर पेटीत होता, तो मी चित्राला चढवला, बाह्या मागे बांधल्या आणि खिळ्याला लावलं. शेजारीण विचारत होती, "बाई, हे काय सुकवताय?" मी म्हटलं, भावाचं डोकं.

आज सोडलं. कडा बघितल्या. गुलाबी बिलाबी काही नाही. शीड लाल आहे, ठिपका पिवळा आहे. स्वेटरचा खांदा मात्र फिकट झालाय. तो स्वेटर मी त्याला लग्नाच्या वर्षी विणला होता. तो मला पुरणार होता तेवढा काळ पुरला. त्याची फार चौकशी करू नकोस.

तू पहिल्या पत्रात रडगाणं लावलंस तेव्हा मला वाटलं होतं, हा शेवटपर्यंत सुधारणार नाही. बारा तारखेचं पत्र मी दोनदा वाचलं. पॅस्को बेसूर गायचा हे खरं आहे. पण ते मी म्हणायचं.

आता ऑक्टोबरात ते लंडनला जाऊ दे. मी स्वतः बांधून रेल्वेनं पाठवते. लागू दे पाचांच्या शेजारी. बघू दे त्यांना.

केझाया


लंडन
९ ऑक्टोबर

ताई,

इथं अंडं कसं उकडतात ते माहीत नाही. पांढरं पाणी आणि आत दगड. खोलीला धुराचा वास येतो. कोट चोरीला जाईल म्हणून मी तो घालूनच बसतो.

काल प्रदर्शन उघडलं. घडलं तसं सांगतो.

आदल्या दिवशी स्टॅनियननं तुझं खोकं उघडलं. कागद काढला आणि दोन पावलं मागे सरला, जणू आतून कोंबडा निघाला. मग आणखी दोघांना बोलावून आणलं, एकाच्या डोळ्याला भिंग होतं. तिघं मिळून तुझं चित्र हुंगत होते. मी कोपऱ्यात खुर्चीवर होतो.

भिंगवाला म्हणाला, "उघड आहे. नंतर कुणीतरी वरून रंगवलंय. बटबटीत हात आहे."

दुसरा म्हणाला, "किंवा नक्कल. खेड्यात अशा नकला करतात. पर्यटकांसाठी."

मी उठलो. म्हणालो, "मी काढलंय. ही सगळी अशीच होती. किरमिजी होता, तो उन्हानं गेला. याला ऊन लागलं नाही, माझ्या बहिणीनं कोळशाशेजारी टांगलं होतं. हे एकच खरं उरलंय, बाकीची पाच भूतं आहेत."

स्टॅनियन माझ्याकडे असा बघत होता जसं आपण आजारी घोड्याकडे बघतो. म्हणाला, "मिस्टर नॅनकॅरो, कलावंताला आपली कला सर्वांत शेवटी कळते."

"आणि तुम्हाला सर्वांत आधी?"

"ते आमचं काम आहे."

मग काल, ताई, मी तेच सगळ्यांसमोर सांगितलं. खोली भरली होती. झगे, हातमोजे. मी खुर्चीवर चढलो, कारण माझी उंची तुला माहीत आहे. म्हणालो, "ही शिडं लाल होती. ही सकाळ आनंदाची होती. तुम्ही रंग उडालेला कागद बघून उसासे टाकताय." कुणीतरी टाळ्या वाजवल्या. एका बाईनं डोळे पुसले. स्टॅनियन शेजारच्याला म्हणाला, आणि मला ऐकू आलं, कारण माझे कान छातीपेक्षा बरे आहेत, "वय झालंय. त्यांना ते अजून लालच दिसतं. किती करुण!" ते आज वर्तमानपत्रात आलंय. म्हणजे मी खरं बोललो तेही त्यांच्या शोकातच जमा झालं.

नाव भिंतीवर लागलंय. मोठ्या अक्षरांत, एक र जास्तीचा. मी त्याच्याखाली उभा राहिलो. वाटलं होतं छातीत काहीतरी होईल. खोकला झाला.

तुझं चित्र त्यांनी लावलं नाही. तपकिरी कागदात गुंडाळून माझ्या काखेत दिलं आणि दारापाशी भिंगवाला म्हणाला, "आजोबा, हे ज्यानं केलंय त्याला सांगा, हात सुधारायला वाव आहे." मी म्हटलं, सांगतो.

शुक्रवारच्या गाडीनं बॉडमिनला उतरतो. खिडकीशेजारी बसणार नाही, चित्र मांडीवर असेल. तो खिळा काढला नसशील अशी आशा आहे. काढला असलास तर मी ठोकतो, पण हातोडा तयार ठेव, मागच्या वेळी तो सापडला नव्हता. आणि बोळकंड्यात एक खुर्ची ठेव. मी ते कधी नीट बघितलंच नाही. कोट काढता काढता बघायचो, आणि रागानं.

होझिया


बॉडमिन
११ ऑक्टोबर

होझिया,

खिळा आहे तिथंच आहे. हातोडा मागच्या वेळीही होता, तू त्याच्यावर बसला होतास.

कोळसा सरकवून दोन खुर्च्या मावल्या. गुडघे आपटतील. तुझे आपट, माझे नको. पॅस्टी करते आहे, या वेळी गिळ.

दिवा लावून ठेवीन. आत आलास की मागचं दार आधी लोटून घे. उघडं राहिलं तर ऊन आत येतं.

केझाया